मताधिकार ‘मिळाला’ म्हणजे काय?

१

माध्यमिक शाळेच्या इतिहासात मताधिकाराचा विषय बहुधा एका वाक्यात आटोपतो. २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले आणि जात, धर्म, लिंग, शिक्षण, संपत्ती असा कोणताही भेद न करता प्रत्येक प्रौढ नागरिकाला मतदानाचा हक्क मिळाला. वाक्य खरे आहे. परीक्षेत ते एका गुणाला पुरते, रिकाम्या जागेत बसते आणि ‘कारणे द्या’ या प्रश्नाच्या उत्तरातही खपून जाते. आमची हरकत त्यातील माहितीला नाही, त्यातील क्रियापदाला आहे. रजा मिळाली, बक्षीस मिळाले, त्याच चालीवर हक्क मिळाला. ‘मिळणे’ हे अकर्मक क्रियापद. जे मिळाले तेच येथे कर्त्याच्या जागी जाऊन बसते. ते कोणी मागितले, कोणी नाकारले, किती वर्षे नाकारले आणि नाकारताना कोणती कारणे दिली, हे सांगण्याची जबाबदारी मग वाक्यावर उरत नाही.

‘मतदान’ या शब्दाचेही थोडे असेच झाले आहे. ‘मताधिकार’ हा शब्द पुस्तकात राहिला आणि बोलण्यात ‘मतदान’ रुळला. शब्द सोयीचा आहे, तो बदलावा असे आम्ही म्हणत नाही. पण दान म्हटले की दात्याचे औदार्य येते, पात्र-अपात्रतेचा विचार येतो, आणि दात्यापाशी ती वस्तू पहिल्यापासून होतीच असे गृहीत धरले जाते. मतदान हे श्रेष्ठ दान आहे, असे फलकावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ही वस्तू आपल्या घरात केव्हा आली, असा प्रश्न सहसा पडत नाही. भाषेच्या अध्यापकांनी इतिहासाच्या वर्गात डोकावण्याचे धाडस आम्ही करीत आहोत ते या न पडणाऱ्या प्रश्नासाठी.

२

प्रश्न न पडण्याचे परिणाम शब्दापुरते राहत नाहीत. शालेय वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचे काम आमच्यासारख्यांच्या वाट्याला दरवर्षी येते. २०११ पासून २५ जानेवारी हा ‘राष्ट्रीय मतदार दिन’ म्हणून पाळला जाऊ लागल्यावर लोकशाही, मतदार, निवडणूक हे विषय तेथे हमखास असतात. नववी-दहावीतील मुले तयारीने बोलतात आणि बोलता बोलता एक मुद्दा मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात. निरक्षर माणसाला उमेदवार कळत नाही, तो पैशाला आणि जातीला भुलतो, म्हणून मत देण्यासाठी काही किमान शिक्षणाची अट असायला हवी. टाळ्या पडतात. हाच मुद्दा पुढे प्रथम वर्षाच्या निबंधांत भेटतो, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांच्या खोलीतही भेटतो.

या मुलांच्या मनात कोणाविषयी आकस असतो असे नाही. त्यांना आपला विचार नवा वाटतो, एवढेच. असा विचार या देशात एकेकाळी कायदा होता, त्याच्या आधारे त्यांच्याच घरातील बहुतेक माणसे यादीबाहेर ठेवली गेली होती, आणि त्याला मुद्देसूद उत्तरही दिले गेले होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्या हक्काचा इतिहास ‘मिळाला’ या शब्दात संपतो, तो हक्क परत घ्यावा असे म्हणणाऱ्यापुढे विद्यार्थी निरुत्तर होतो, कारण देण्यामागची कारणे त्याच्यापाशी नसतात. म्हणून मताधिकाराचा इतिहास हा अटींचा इतिहास म्हणून शिकवावा, असे आम्हांला वाटते. कोणाला मत होते यापेक्षा कोणाला नव्हते आणि का नव्हते, हा प्रश्न वर्गात आधी यावा.

३

या अटींची सुरुवात शहरांच्या कारभारापासून दाखवता येते. मुंबईत १८७२ च्या कायद्याने नगरपालिकेचे निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. तत्त्व सरळ होते: जो पैसा भरतो त्याला पैशाच्या खर्चाबद्दल बोलण्याचा अधिकार. या तत्त्वात न्याय आहे, हे विद्यार्थ्यांना आधी पटू द्यावे. मग विचारावे की ज्याच्या श्रमावर शहर चालते पण ज्याच्या नावावर घर नाही, त्याचे काय?

प्रांतिक पातळीवर हाच नमुना विस्तारला. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत मतदार मोजके होते आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड कायद्यापूर्वी मताधिकाराचा विचार करण्यासाठी लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर जो मताधिकार आला तो शेतसारा, घराचे भाडे, प्राप्तिकर, लष्करी सेवा अशा कसोट्यांवर ठरलेला होता. लोकसंख्येच्या सुमारे तीन टक्के लोक त्या कसोट्यांना उतरले. १९३५ च्या कायद्याने अटी सैल झाल्या, शिक्षणाची कसोटी ठळक झाली, आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत मतदारांची संख्या तीन ते साडेतीन कोटींच्या घरात गेली. काँग्रेसने पाच प्रांतांत स्पष्ट बहुमत मिळवले ती हीच निवडणूक. पाठ्यपुस्तकात ती विजयाची निवडणूक म्हणून येते. त्या विजयाला मत देणारे कोण होते, हे तेथे सांगितलेले नसते.

वर्गात याचा एक साधा पाठ घेता येतो. विद्यार्थ्यांनी आपल्या घरात चौकशी करावी: १९३७ साली आपल्या घराण्यातील कोणती माणसे प्रौढ होती, त्यांच्या नावावर जमीन होती का, ती कसणारी होती की कसवून घेणारी, कोणी शाळेत गेले होते का, कोणी पलटणीत होते का. मग प्रत्येकाने वहीत लिहावे की त्यांपैकी कोणाला मत असण्याची शक्यता होती. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांची उत्तरे वेगळी येतात. एकाच घरातील पणजोबांचे आणि पणजीचे उत्तर वेगळे येते. ‘मर्यादित मताधिकार’ ही संज्ञा पाठ करण्याची गरज मग उरत नाही. अर्थात हा पाठ सांभाळून घ्यावा लागतो. कोणाच्या घरी जमीन नव्हती, हे वर्गात उघड्यावर मोजण्याची गोष्ट नाही. वही ज्याची त्याच्यापाशी राहावी, चर्चा अटींची व्हावी.

४

आता शिक्षणाच्या अटीकडे येऊ. साउथबरो समितीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी साक्ष देणाऱ्यांत सत्तावीस वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ते त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या समितीपुढे साक्ष दिली. पुढे सायमन कमिशनसमोर बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने आंबेडकरांनी मे १९२८ मध्ये निवेदन दिले, ऑक्टोबरात पुण्यास तोंडी साक्ष दिली, आणि कमिशनशी सहकार्य करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीचे सभासद म्हणून १७ मे १९२९ रोजी इतर सभासदांपासून वेगळा अहवाल सादर केला. त्या अहवालातील प्रौढ मताधिकाराचे विवेचन माध्यमिक शाळेतील मुलांना समजेल इतके स्वच्छ आहे.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा. साक्षरतेची अट घालणारे दोन चुका करतात. निरक्षर माणूस म्हणजे बुद्धिहीन माणूस, ही पहिली चूक. साक्षर झाल्याने माणसाला सार्वजनिक प्रश्नांची अधिक जाण येतेच, ही दुसरी. मताधिकार हा काही विद्वत्तेचा दाखला नव्हे. माणसे एकत्र राहतात तेव्हा त्या सहजीवनाच्या अटी काय असाव्यात हे ठरविण्यात वाटा असणे, म्हणजे मताधिकार. आणि या अटी ठरविण्याची सर्वांत अधिक गरज ज्याचे त्या सहजीवनात सर्वांत अधिक नुकसान होते त्याला असते. यापुढचे पाऊल विद्यार्थी स्वतःच टाकतात, असा आमचा अनुभव आहे. ज्याला शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवले त्यालाच पुढे ‘तू शाळेत गेला नाहीस’ म्हणून मत नाकारायचे, हा कोणता न्याय, असे वर्गातून कोणीतरी विचारतेच.

येथे पुणे कराराच्या धड्याकडे वळावे. हा धडा आपल्याकडे गांधीजींचे उपोषण आणि आंबेडकरांशी झालेली तडजोड असा, व्यक्तिसंघर्षाच्या रूपात शिकवला जातो. २४ सप्टेंबर १९३२ ही तारीख आणि १४८ राखीव जागा हा आकडा लक्षात ठेवला की काम भागते. पण १९२८ च्या निवेदनातील भूमिका आधी वाचली तर प्रसंगाचा अर्थ बदलतो. प्रौढ मताधिकार मिळणार असेल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा चालतील, तो मिळणार नसेल तर मात्र स्वतंत्र मतदारसंघ हवेत, असे ते म्हणणे होते. यामागचा हिशेब साधा आहे. शेतसारा आणि घरभाड्यावर मतदार ठरत असतील तर अस्पृश्य समाजाची माणसे यादीत अत्यल्प असणार. मग राखीव जागेवर कोण निवडून यावे हे इतरांच्या मतांनी ठरणार. स्वतंत्र मतदारसंघाचा वाद हा अंशतः यादी किती लहान आहे याचा वाद होता. दोन महापुरुषांपैकी कोणाची बाजू घ्यावी, या कात्रीतून विद्यार्थ्याला बाहेर काढण्याचा हा एक मार्ग आहे. त्याने बाजू जरूर घ्यावी, पण आधी यादी पाहावी.

साक्षरतेच्या अटीचे दुसरे उदाहरण अमेरिकेतून देता येते. तेथील दक्षिणेकडील राज्यांत मतदार-नोंदणीसाठी वाचन-लेखनाची चाचणी असे. चाचणी कायद्याने सर्वांसाठी सारखी होती. ती कोणाची कशी घ्यायची आणि उत्तर बरोबर की चूक हे मात्र नोंदणी करणारा अधिकारी ठरवीत असे, आणि कृष्णवर्णीयांना रोखण्यासाठी तिचा सर्रास उपयोग झाला. १९६५ च्या मताधिकार कायद्याने या चाचण्यांना चाप लावला. हे उदाहरण ऐकल्यावर ‘किमान शिक्षण’ या शब्दांतील ‘किमान’ कोण ठरवणार, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

५

स्त्रियांच्या मताधिकाराबद्दल आपल्या पुस्तकांत एक अभिमानाचे वाक्य असते: पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांना त्यासाठी झगडावे लागले, भारतीय स्त्रीला तो स्वातंत्र्याबरोबर आपसूक मिळाला. पुन्हा तेच क्रियापद. वस्तुस्थिती अशी की १८ डिसेंबर १९१७ रोजी सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासेत माँटेग्यूंना भेटले. मार्गारेट कझिन्स यांनी त्यात पुढाकार घेतला होता. साउथबरो समितीने स्त्रियांची मागणी फेटाळली. तेव्हा १९१९ साली मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन लंडनला गेल्या आणि ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी ही बाजू मांडली. कायद्यात अखेर निर्णय प्रांतांवर सोपविण्यात आला. मद्रास आणि मुंबई या प्रांतांच्या विधिमंडळांनी १९२१ मध्ये स्त्रियांवरील बंदी उठवली.

बंदी उठली, अट राहिली. मालमत्ता पुरुषाच्या नावावर असलेल्या समाजात मालमत्तेची कसोटी स्त्रियांना लावल्यावर किती जणी यादीत येणार? १९३५ च्या कायद्याने यावर विचित्र तोड काढली. मालमत्तेमुळे वा लष्करी सेवेमुळे मतदार झालेल्याच्या पत्नीला ठरावीक प्रमाणात मत दिले गेले. म्हणजे स्त्री मतदार झाली ती कोणाची तरी पत्नी म्हणून. अखिल भारतीय महिला परिषदेसह प्रमुख स्त्री-संघटनांनी पत्नीपणाच्या या कसोटीला विरोध केला आणि सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. मत वाढत असतानाही ते कोणत्या नात्याने वाढते आहे, हे त्यांनी पाहिले. दहावीतील मुलींना हा विरोध चटकन समजतो. मुलांना समजायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावा.

या प्रसंगाचा उत्तरार्ध स्वातंत्र्यानंतरचा आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत असताना, विशेषतः उत्तर आणि मध्य भारतातील राज्यांत, अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी अशीच नोंद झाली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करण्यास नकार दिला, आणि ज्यांची स्वतःची नावे मिळाली नाहीत अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली.

आमच्या मते माध्यमिक वर्गात चर्चेला घेण्यासारखा याहून चांगला प्रसंग सापडणे कठीण. सेन यांचे बरोबर होते का? एका बाजूला २८ लाख स्त्रिया पहिल्याच निवडणुकीला मुकल्या. दुसऱ्या बाजूला ‘अमक्याची पत्नी’ ही १९३५ ची ओळख स्वतंत्र देशाच्या यादीत शिरू दिली असती, तर मत कोणाचे ठरले असते? वर्गात मते विभागली जातात आणि विभागली जावीत. मराठी मुलांना येथे उखाणाही आठवून द्यावा. नवऱ्याचे नाव उच्चारायचे नाही म्हणून ते कवितेत गुंफायचे, ही रीत त्यांना ठाऊक असते. आपले स्वतःचे नाव सरकारी माणसाला सांगायचे नाही, ही रीत त्याच्या शेजारचीच. लग्नात नाव बदलणे, लेकराच्या नावाने ओळखले जाणे, या गोष्टी साहित्याच्या तासाला आपण शिकवतोच. मतदारयादी हाही नावांविषयीचा एक ग्रंथ आहे, हे सांगण्याची ही संधी.

६

मताधिकार नाकारण्याचे एक कारण तत्त्वाचे नव्हते, सोयीचे होते. १९३२ साली लॉर्ड लोथियन यांच्या मताधिकार समितीने, जिचे आंबेडकरही एक सभासद होते, प्रौढ मताधिकार तूर्त व्यवहार्य नाही असा निष्कर्ष काढला. देश प्रचंड, माणसे निरक्षर, यंत्रणा अपुरी. हे कारण खोटे म्हणता येत नाही. म्हणूनच पुढे काय घडले ते पाहणे महत्त्वाचे ठरते.

संविधान सभा स्वतः मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी १९४६ मध्ये निवडली होती. तिच्या सल्लागार समितीने एप्रिल १९४७ मध्ये प्रौढ मताधिकाराचे तत्त्व मान्य केले, मात्र त्याला मूलभूत हक्कांच्या प्रकरणात जागा दिली नाही. आज तो कलम ३२६ मध्ये आहे, निवडणुकांच्या भागात. संविधान पूर्ण होण्याची वाट न पाहता सभेच्या सचिवालयाने मार्च १९४८ मध्ये याद्यांच्या पूर्वतयारीच्या सूचना प्रांतांना आणि संस्थानांना पाठवल्या. फाळणीने लक्षावधी निर्वासित आले होते. त्यांचा पत्ता नव्हता, वास्तव्याचा कालावधी सिद्ध करण्यासारखी कागदपत्रे नव्हती. त्यांनी येथे कायम राहण्याचा इरादा जाहीर करावा आणि त्यांची नावे घ्यावीत, असा मार्ग काढण्यात आला. ओर्नित शनी यांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात या याद्यांच्या कामाचा सविस्तर इतिहास मांडला आहे. नागरिक ही कल्पना कायद्याच्या आधी कारकुनांच्या टेबलावर कशी घडली, हे त्यातून दिसते. २०२५ मध्ये बिहारमधील मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणावरून वाद झाला, तेव्हा ‘पुरावा कोणी द्यायचा’ हा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. वर्गात त्या वादाचा निकाल लावण्याची गरज नाही. प्रश्न १९४८ मध्येही होता आणि तेव्हा त्याला कोणते उत्तर दिले गेले, एवढे मुलांना माहीत असावे.

निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ अशी चालली. मतदार १७ कोटींहून अधिक होते. १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता होती सुमारे १८ टक्के. मग निरक्षर मतदाराचे काय केले? त्याने अक्षरे शिकेपर्यंत निवडणूक थांबवली नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर चित्र लावले. मतदाराने हव्या त्या चित्राच्या पेटीत कागद टाकायचा. या पोलादी मतपेट्या लाखोंच्या संख्येने मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. लोथियन समितीच्या ‘व्यवहार्य नाही’ या शेऱ्याला दिलेले उत्तर असे लोखंडाचे आणि चित्रांचे होते. जे चिन्ह आज मुलांना निव्वळ प्रचाराची खूण वाटते, ते मुळात वाचता न येणाऱ्या माणसाचा हक्क राखण्याची युक्ती होती.

आणि याच निवडणुकीत, उत्तर मुंबई मतदारसंघातून, डॉ. आंबेडकर पराभूत झाले. नारायण काजरोळकर निवडून आले. ज्या माणसाने १९१९ पासून प्रत्येक समितीपुढे मताचा हक्क रुंद करण्यासाठी वाद घातला, त्याला त्या हक्काच्या पहिल्या सार्वत्रिक वापरात यश आले नाही. ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या बाहेर राहते, बहुधा ती अडचणीची वाटते म्हणून. आम्हांला ती शिकवण्यासारखी वाटते. हक्क मागणाऱ्याने तो आपल्या विजयासाठी मागितला नव्हता, हे तिच्यातून जितके कळते तितके कोणत्याही गौरवपर परिच्छेदातून कळत नाही.

७

या साऱ्याला तास कोठून आणायचे, असा रास्त प्रश्न माध्यमिक शिक्षक विचारतील. दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रियेवर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात आयोगाची रचना आणि कामे आहेत, आणि अभ्यासक्रम संपवायचा आहे. पण आम्हांला एका विसंगतीकडे लक्ष वेधायचे आहे. मतदारयाद्यांचे काम या राज्यात मोठ्या प्रमाणात करतात ते शिक्षकच. बीएलओ म्हणून दारोदार जाणे, नमुना ६ भरून घेणे, मृतांची आणि स्थलांतरितांची नावे तपासणे, निवडणुकीच्या आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्कामाला जाणे, हे त्यांनी केलेले असते. कोणते घर बंद असते, कोणत्या वस्तीत नावे गळतात, कोणती म्हातारी आधारावरचे नाव आणि बोलण्यातले नाव यांत अडकते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. ही माहिती वर्गात येत नाही, कारण ती ‘ड्यूटी’ असते आणि पुस्तकातला धडा हा ‘विषय’ असतो. दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी राहून एकमेकांना भेटत नाहीत.

त्यांची भेट घडवली तर आजचे प्रश्नही सहज येतात. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. मग १७ का नाही, याचे उत्तर मुले आवडीने शोधतात. तुरुंगातील माणसाला, त्याचा खटला संपला नसला तरी, मत देता येत नाही. बीडचा ऊसतोड कामगार ऑक्टोबर-नोव्हेंबरात फडावर जातो आणि त्याचे नाव गावच्या यादीत राहते. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. त्याला मत आहे का? कागदावर आहे. मर्यादित मताधिकाराच्या धड्यात शिकलेला ‘यादीत कोण नाही’ हा प्रश्न येथे ‘यादीत असून केंद्रावर कोण नाही’ असा होतो.

शिक्षणाची अटही पूर्ण गेलेली नाही. ती मतदाराकडून उमेदवाराकडे सरकली आहे. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शैक्षणिक पात्रता लावली आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. राजस्थानने अशीच अट आणली आणि २०१९ मध्ये काढून टाकली. महाराष्ट्रातही २०१७ मध्ये, थेट निवडल्या जाणाऱ्या सरपंचासाठी, १९९५ पासून पुढे जन्मलेल्यांना सातवी उत्तीर्ण असण्याची अट आली. या अटीच्या बाजूनेही बोलता येते, आणि बोलणाऱ्यांत लहान माणसे नाहीत. २६ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात डॉ. राजेंद्रप्रसादांनी प्रौढ मताधिकाराबद्दल भीती बाळगणाऱ्यांपैकी आपण नाही, खेड्यातल्या माणसाचे शहाणपण आपण ओळखतो, असे सांगितले. त्याच भाषणात कायदे करणाऱ्यांसाठी काही पात्रता ठरवता आली नाही याची खंतही व्यक्त केली. विद्यार्थ्यांपुढे राजेंद्रप्रसादांचे हे दोन परिच्छेद आणि आंबेडकरांचा १९२९ चा युक्तिवाद असे दोन्ही ठेवावेत. मत देण्याला अट नको पण निवडून येण्याला हवी, ही भूमिका टिकते का? ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांचा सरपंच कोण होणार? याचे एक उत्तर शिक्षकाने देऊ नये.

वक्तृत्व स्पर्धेतील त्या मुलाला गप्प करावे, असा आमचा आग्रह मुळीच नाही. त्याने शिक्षणाच्या अटीची बाजू खुशाल मांडावी. फक्त मांडताना ही बाजू १९१९ मध्ये कोणी मांडली होती, तिचा कायदा झाल्यावर कोण बाहेर राहिले, आणि तिला कोणी काय उत्तर दिले, हे त्याला ठाऊक असावे. मग तो त्या उत्तराला उत्तर देईल किंवा आपले मत बदलेल. तीन वर्षांनी त्याच्या घरी नमुना ६ येईल. त्यावर स्वतःचे नाव लिहिताना, हे नाव येथे यायला इतका वाद व्हावा लागला होता, हे त्याला माहीत असले तर इतिहासाच्या शिक्षकाचे काम झाले असे समजावे.